सूर्यावरून होडीचं ठिकाण: नळीदार स्लाइड रूल घरी बनवा आणि वापरा

सेक्स्टंटमधून, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन मोजायच्या उपकरणातून, सूर्य खाली उतरवून क्षितिजाला टेकवायचा हात सरावाने बसतो. लहान होडीवर खरी चूक होते ती त्यानंतर, खाली केबिनमध्ये. एक पाय भिंतीला रेटायचा, ओल्या बोटांनी तक्त्यांची पानं उलटायची, आकडे एकाखाली एक मांडून बेरजा-वजाबाक्या करायच्या. यात ३७ चे ७३ होतात आणि ते लक्षातही येत नाही. मला यावर सगळ्यात जास्त पटलेला उपाय म्हणजे बेरजाच कमी करून टाकणारं साधन. दोन मोजपट्ट्या एकमेकींवर सरकवायच्या आणि उत्तर वाचायचं. त्याला बॅटरी लागत नाही, भिजलं तर पुसून पुन्हा वापरता येतं, आणि ते प्लास्टिकच्या पाइपवर घरी बनवता येतं. ते कसं बनवायचं, कसं तपासायचं आणि त्यावरून स्थानरेषा कशी काढायची, ते इथे सविस्तर लिहितो.

काढायचं नेमकं काय असतं

सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, मोजली की आपण कुठल्या तरी एका रेषेवर आहोत एवढंच कळतं. थॉमस समनर या अमेरिकन कप्तानाला १८३७ च्या डिसेंबरात ही गोष्ट उमगली. स्कॉटलंडकडे जाताना ढगांतून त्याला क्षणभर सूर्य दिसला. अक्षांशाची खात्री नव्हती, म्हणून त्याने तीन वेगवेगळे अक्षांश धरून गणित केलं, तर तिन्ही ठिकाणं एका रेषेत आली. पुढे १८७५ मध्ये मार्क सेंट-इलेअर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने आज आपण वापरतो ती रीत मांडली. आपण अंदाजाने जिथे आहोत तिथून सूर्य किती उंच दिसायला हवा ते गणिताने काढायचं, सेक्स्टंटने मोजलेल्या उंचीशी ताडून पाहायचं, आणि फरकाइतकी रेषा सूर्याकडे किंवा सूर्यापासून दूर सरकवायची. १ कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा (१′), फरक म्हणजे १ सागरी मैल.

म्हणजे हातात तीन गोष्टी असतात: अंदाजी अक्षांश, सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे) आणि तासकोन (तो आपल्या रेखावृत्ताच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे). काढायच्या दोन: उन्नतांश आणि दिगंश, म्हणजे सूर्याची होकायंत्रावरची दिशा. क्रांती त्या वर्षाच्या नौकानयन पंचांगातून येते. तासकोनासाठी पंचांग, घड्याळ आणि अंदाजी रेखांश लागतात. घड्याळ ४ सेकंद चुकलं तर रेखांश १ कला चुकतो, त्यामुळे घड्याळाची चूक रोज वहीत लिहायची सवय या सगळ्याच्या आधीची.

साधनं कुठली, आणि हेच का

हिशेब साधनावर करायची परंपरा जहाजांवर जुनी आहे. एडमंड गंटरने १६२० च्या दशकात लॉगची पट्टी आखली आणि खलाशी कंपासाची टोकं तिच्यावर फिरवून गुणाकार-भागाकार करू लागले. विल्यम ऑट्रेडने अशा दोन पट्ट्या एकमेकींशेजारी सरकवल्या, तोच स्लाइड रूल.

२५ सेमीचा साधा स्लाइड रूल आजही होडीवर असावा असं मला वाटतं, पण उन्नतांश काढायला नाही. उन्नतांशाच्या नेहमीच्या सूत्रात साइनची किंमत मिळते, आणि या पट्टीवर ती हजारातल्या एका भागापर्यंत वाचता येते. ५०° उंचीला तेवढ्या फरकाने उत्तर ५ कलांनी हलतं, ७०° ला १० कलांनी. सेक्स्टंटने २ कलांपर्यंत मोजलेली उंची अशा पट्टीवर घालणं म्हणजे मेहनत वाया घालवणं. वेग-वेळ-अंतर, रेखांशाच्या कलांचे मैल, दिगंशाचा पडताळा या कामांना मात्र ती उत्तम.

दुसरं टोक म्हणजे कुर्टा. कुर्ट हेर्झश्टार्कने बुखेनवाल्ड छळछावणीत असताना या हातात मावणाऱ्या गणनयंत्राची रेखाटनं पूर्ण केली, आणि १९४८ पासून लिख्टेनश्टाइनमध्ये ते बनू लागलं. लहान मॉडेल साधारण २३० ग्रॅमचं. हँडल फिरवलं की बेरीज, हँडल वर उचलून फिरवलं की वजाबाकी. पाच आकडी साइन-कोसाइनच्या तक्त्यासोबत त्यावर अर्ध्या कलेच्या आतलं उत्तर मिळतं. पण तक्ता उघडावाच लागतो, मधली किंमत लिहून पुन्हा भरावी लागते, आणि इतक्या बारीक दातेरी चाकांचं यंत्र खाऱ्या हवेत न्यायला माझा हात धजत नाही.

या दोन्हींच्या मधली जागा एल. सी. बायग्रेव्ह या ब्रिटिश हवाई दलाच्या अधिकाऱ्याने १९२० च्या सुमारास भरून काढली. त्याने मोजपट्टी नळीभोवती मळसूत्रासारखी गुंडाळली, त्यामुळे काही मीटर लांबीची पट्टी हातात मावली. फ्रान्सिस चिचेस्टर १९३१ मध्ये एकटा टास्मान समुद्रावरून उडत गेला तेव्हा त्याच्याकडे हेच साधन होतं. एका हाताने विमान सांभाळत ज्यावर हिशेब झाला, ते हेलकावणाऱ्या होडीवर चालायला हरकत नाही. या साधनाचं डोकं सूत्रांच्या निवडीत आहे. बायग्रेव्हने ध्रुव, सूर्य आणि आपला माथा यांच्या त्रिकोणाचे असे तुकडे केले की तिन्ही पायऱ्यांत फक्त टॅन आणि कॉस येतात, आणि तिन्ही वेळा हाताची हालचाल एकच राहते.

आखणी

लागेल ते: ६३ मिमी बाहेरच्या व्यासाचा, ४० सेमी लांबीचा प्लास्टिकचा पाइप, एक ए-फोर कागद, छपाई चालेल अशी एक पारदर्शक फिल्म, आणि चिकटपट्टी. या पाइपचा परीघ १९८ मिमीच्या आसपास येतो, म्हणून तो ए-फोर कागदाच्या रुंदीत बसतो. छापील मापावर विसंबू नका. कागदाची पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे टाचणीने टोचा, आणि दोन छिद्रांमधलं अंतर मोजा.

पाइपवर टॅनची पट्टी चिकटेल, २०′ पासून ८९° ४०′ पर्यंत. प्रत्येक कोनासाठी आधी फेऱ्यांची संख्या काढायची:

फेऱ्या = ८.५ × (लॉग टॅन कोन + २.२३५२)

लॉग १० च्या पायाचा. अशा ३८ फेऱ्या होतात. कोनाची खूण कागदाच्या तळापासून ६ मिमी × फेऱ्या इतक्या उंचीवर, आणि डाव्या कडेपासून परीघ × फेऱ्यांचा अपूर्णांकी भाग इतक्या अंतरावर. पूर्ण पट्टी २२८ मिमी उंच होते. स्प्रेडशीटमध्ये हे काढणार असाल तर कोन आधी रेडियनमध्ये बदला. खुणा काढायला छोटा प्रोग्रॅम लिहून एसव्हीजी फाइल करणं मला जास्त बरं वाटतं, कारण स्प्रेडशीटचा आलेख छापताना मापं हलतात.

पारदर्शक फिल्मवर कॉसची पट्टी येते, ०° पासून ८९° ४०′ पर्यंत:

फेऱ्या = −८.५ × लॉग कॉस कोन

इथे ०° तळाशी येतो आणि कोन वर वाढत जातो. १९ फेऱ्या, ११४ मिमी उंची. उंचीचं सूत्र तेच, ६ मिमी × फेऱ्या. पण आडव्या अंतरासाठी परीघ घ्यायचा तो फिल्मच्या नळीचा, पाइपचा नाही. ही नळी पाइपवरून सरकायची आणि फिरायची असते, म्हणून ती १-२ मिमीने मोठी असते. माझ्या पहिल्या नळीत मी दोन्हींना एकच परीघ दिला होता, आणि प्रत्येक फेरीत खुणा थोड्या थोड्या सरकत गेल्या. पाइपवर साध्या कागदाचा एक वेढा देऊन त्यावर फिल्म गुंडाळा, तोच परीघ मोजून सूत्रात घाला, आणि मग छापा. छापताना प्रिंटरला कागदात बसवण्यासाठी माप कमी करू देऊ नका. छापून झाल्यावर पट्टी लावून २२८ मिमी आलेत का ते पाहा.

खुणा किती बारीक असाव्यात? टॅनची पट्टी ४५° ला सगळ्यात दाट असते, तिथे १ कला ०.४ मिमीची. दर ५ कलांना खूण करा, मधलं डोळ्याने वाचता येतं. ५° किंवा ८५° च्या आसपास १ कला अडीच मिमीच्या जवळ जाते, तिथे प्रत्येक कलेची खूण बसते. कॉसच्या पट्टीत पहिले १०° अवघ्या ११ मिमीत कोंबले जातात. ते पाहून घाबरू नका. तिथे पट्टी दाट आहे याचाच अर्थ कोन बदलला तरी कॉस जवळजवळ हलत नाही, त्यामुळे वाचनातली चूक उत्तरात उतरत नाही.

टॅनचा कागद पाइपच्या एका टोकापासून ३-४ सेमी सोडून चिकटवा, ती जागा धरायला. जोडावर प्रत्येक फेरीचं शेवटचं टोक पुढच्या फेरीच्या सुरुवातीला मिळालं पाहिजे. वर फिल्म सरकायला मोकळा पाइप राहतो. कागद दमट हवेत फुगतो, म्हणून वरून पारदर्शक चिकटफिल्म चढवा, किंवा टॅनची पट्टीही प्लास्टिकच्या कागदावरच छापा.

दोन चाचण्या

कॉसचा ०° टॅनच्या ४५° वर आणा. आता कॉसच्या ६०° खाली टॅनचे ६३° २६′ दिसायला हवेत. मग कॉसचा ०° टॅनच्या ३०° वर आणा, कॉसच्या ७०° ३२′ खाली टॅनचे ६०° यायला हवेत. दुसऱ्या चाचणीत चार फेऱ्यांचं अंतर असल्याने परिघातली चूक तिथे लगेच उघडी पडते. २ कलांपेक्षा जास्त फरक आला तर फिल्म नव्याने छापा. असल्या चुकीवर मनात दुरुस्ती करत बसणं समुद्रावर जमत नाही.

प्रत्यक्ष गणित

आधी सेक्स्टंटच्या वाचनाची दुरुस्ती, ती कागदावरच. समजा सूर्याची खालची कड मोजून ४९° ३४.३′ आले. सेक्स्टंटची शून्यचूक २′ जास्त दाखवणारी, म्हणून −२.०. डोळा पाण्यापासून २ मीटर उंच. क्षितिजाच्या उताराची दुरुस्ती १.७६ × उंचीचं वर्गमूळ, म्हणजे −२.५. वक्रीभवन, म्हणजे हवेत किरण वाकल्याने येणारा फरक, −०.८. सूर्याची त्रिज्या +१५.९, लंबन (आपण पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठभागावर असल्याचा फरक) +०.१. उरलं ४९° ४५.०′.

आता साधन. सोयीसाठी पूर्ण अंश घेतो: अक्षांश ३२° उत्तर, क्रांती १५° उत्तर, तासकोन ४०° पश्चिम. खऱ्या कामात अंश-कला आहेत तशा घालायच्या. तक्ते वापरताना अक्षांश आणि तासकोन पूर्ण अंशात बसवायला खोटं ठिकाण धरावं लागतं, इथे ते लागत नाही. माझ्या दृष्टीने या साधनाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, कारण नकाशावर रेषा थेट आपल्या अंदाजी ठिकाणापासून आखता येते. पंचांगातल्या आकड्याला अंदाजी रेखांश लावून आलेला तासकोन १८०° पेक्षा जास्त असेल तर तो ३६०° मधून वजा करा आणि वहीत 'पूर्व' लिहा.

पायरी १. कॉसचा ०° टॅनवरच्या क्रांतीवर, १५° वर, ठेवा. फिल्म न हलवता कॉसवर तासकोन ४०° शोधा आणि त्याखालचा टॅन वाचा: १९° १७′. याला 'व' म्हणू.

यानंतर एकच बेरीज. ९०° मधून अक्षांश वजा करा: ५८°. अक्षांश आणि क्रांती एकाच गोलार्धातले असतील तर 'व' मिळवा, वेगळ्या गोलार्धातले असतील तर वजा करा. आपल्या उदाहरणात ५८° + १९° १७′ = ७७° १७′. ही बेरीज ९०° च्या वर गेली तर ती १८०° मधून वजा करायची, आणि तसं केल्याची खूण वहीत करायची; दिगंशाला ती लागते. जे उरलं ते 'य'.

पायरी २. टॅनवर तासकोन ४०°, त्यावर कॉसचा 'व', १९° १७′, आणा. कॉसवर 'य' शोधा, ७७° १७′, आणि खाली वाचा: ७४° २८′. हा दिगंशाचा कोन.

पायरी ३. टॅनवर 'य', ७७° १७′, त्यावर कॉसचा ७४° २८′ आणा. कॉसच्या ०° खाली वाचा: ४९° ५३′. हाच गणिताने आलेला उन्नतांश. मूळ सूत्राने कॅल्क्युलेटरवर ४९° ५२.६′ येतात.

दिगंश कुठून मोजायचा? उत्तर गोलार्धात बेरीज ९०° च्या आत असेल तर मिळालेला कोन दक्षिणेकडून, ९०° च्या वर गेली असेल तर उत्तरेकडून. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. आपला कोन दक्षिणेपासून पश्चिमेकडे ७४.५°, म्हणजे १८०° + ७४.५° = २५४.५°. मोजलेला उन्नतांश ४९° ४५′, गणिताचा ४९° ५३′. मोजलेला कमी आहे, म्हणजे आपण सूर्यापासून अंदाजापेक्षा ८ मैल दूर. अंदाजी ठिकाणापासून २५४.५° च्या उलट दिशेला, ०७४.५° कडे, ८ मैलांवर बिंदू घ्या आणि त्यातून दिगंशाला काटकोनात रेषा काढा. तीच स्थानरेषा.

पडताळा साध्या स्लाइड रूलवर होतो: साइन दिगंशकोन = कॉस क्रांती × साइन तासकोन ÷ कॉस उन्नतांश. इथे ०.९६३ येतं, म्हणजे साधारण ७४.५°. दोन्ही जुळले की मोठी चूक शिरली असण्याची शक्यता फार कमी उरते. मी हा पडताळा कधीच चुकवत नाही.

जिथे साधन अडतं

सूर्य पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या अगदी जवळ असेल आणि दिगंशकोन ८५° च्या वर गेला, तर 'य' ९०° ला भिडतो आणि १ कलेची वाचनचूक उत्तरात फुगून येते. अशा वेळी अक्षांश आणि क्रांती यांची अदलाबदल करून पुन्हा तीन पायऱ्या करा. मूळ सूत्रात दोन्हींची जागा सारखीच असल्याने उन्नतांश तोच येतो, आणि यावेळी नीट येतो. दिगंश मात्र पहिल्या फेरीतलाच धरायचा.

क्रांती २०′ पेक्षा कमी असेल, तर टॅनच्या पट्टीवर ती नाहीच. इतक्या लहान कोनात टॅन आणि कोन एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून 'व' = क्रांती ÷ कॉस तासकोन, साध्या भागाकाराने. तासकोन ९०° च्या जवळ असेल तर सरळ तासभर थांबा किंवा आधी मोजा. ९०° मधून अक्षांश आणि मग 'व' वजा केल्यावर उत्तर ऋण आलं, तर त्या आकड्यांप्रमाणे सूर्य क्षितिजाखाली आहे. तुम्हाला तो दिसला असेल, तर गोलार्ध किंवा तासकोन चुकीचा लिहिला गेलाय. मध्यान्हीला साधनाची गरजच नाही. ९०° मधून उन्नतांश वजा करून क्रांती योग्य चिन्हाने मिळवली की अक्षांश हाती येतो.

एका मोजणीवर भिस्त नको

लहान होडीवर क्षितिज लाटेच्या माथ्यावरच नीट दिसतं, आणि एकट्या मोजणीत २-३ कलांची चूक सहज राहते. म्हणून ४-५ मिनिटांत पाच मोजण्या घ्या आणि आलेखाच्या कागदावर वेळ आडवी, उंची उभी अशा मांडा. उंची किती झपाट्याने बदलायला हवी ते साधा स्लाइड रूल सांगतो: दर मिनिटाला १५ कला × कॉस अक्षांश × साइन दिगंश. वरच्या उदाहरणात हे १२.३ कला. या उताराची रेघ पाच ठिपक्यांमधून बसेल तशी काढा. एखादा ठिपका दूर पडला तर तो सोडून द्या. रेघेवरचा कुठलाही एक क्षण निवडा आणि साधनावर फक्त तोच घाला. पाच वेळा गणित करण्यापेक्षा हे सोपं, आणि चुकलेली मोजणी डोळ्यांना दिसते.

नकाशावर आडवे मैल रेखांशात बदलताना कॉस अक्षांशाने भागायचं. ३२° ला १० मैल म्हणजे रेखांशाच्या ११.८ कला. हेही साध्या पट्टीवरच.

ताऱ्यांसाठी पायऱ्या याच. संधिप्रकाशात कुठला तारा कुठे असेल हे आधी कळावं म्हणून ५७ ताऱ्यांची फिरती तबकडी, २१०२-डी, सोबत ठेवा.

होडीवर नेण्याआधी किनाऱ्यावर वीसेक उदाहरणं सोडवा, त्यातली निम्मी वेगळ्या गोलार्धातली. तीन पायऱ्या, लहान अक्षरांत, पाइपच्या मोकळ्या टोकावर लिहून वर चिकटपट्टी लावा. फिल्म उन्हात ठेवू नका, तापून ती आकसते. रोज सकाळी पहिल्या मोजणीआधी ४५° आणि ६०° ची चाचणी घ्या. अर्धं मिनिट लागतं.